परिणाम आधी, पदार्थ नंतर : संप्रेरकांच्या कार्यात व्यत्यय आणणाऱ्या रसायनांच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना

विषशास्त्राच्या इतिहासात १८३६ या वर्षाला विशेष महत्त्व आहे. जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्या वर्षी आर्सेनिक ओळखण्याची अत्यंत संवेदनक्षम चाचणी प्रसिद्ध केली आणि मृताच्या जठरात विष होते की नाही, हा प्रश्न खऱ्या अर्थाने प्रयोगशाळेच्या कक्षेत आला. पुढील शंभर वर्षे विषाविषयीचा वैद्यकीय व न्यायालयीन विचार याच मार्गाने गेला. पदार्थ सापडला पाहिजे, त्याची मात्रा मोजता आली पाहिजे आणि तेवढी मात्रा अपायकारक असल्याचे दाखवता आले पाहिजे, असा हा क्रम होता. विषाचे विषपण मात्रेवर ठरते, हे सोळाव्या शतकातील पॅरासेल्सस या वैद्याचे मत त्याच्या मुळाशी होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या क्रमात न बसणारा रसायनांचा एक वर्ग हळूहळू लक्षात येत गेला. शरीरातील अंतःस्रावी ग्रंथी रक्तात जी संप्रेरके सोडतात त्यांची नक्कल करणारी, त्यांची वाट अडवणारी किंवा त्यांच्या निर्मितीतच ढवळाढवळ करणारी ही रसायने होत. संप्रेरके अत्यल्प प्रमाणात काम करतात. स्त्रीच्या रक्तातील इस्ट्राडिओल पिकोग्रॅममध्ये मोजले जाते आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटावा भाग. शिवाय गर्भावस्थेतील काही आठवड्यांत मिळालेल्या चुकीच्या संदेशाचा परिणाम वीस वर्षांनी दिसू शकतो. तोपर्यंत मूळ पदार्थ शरीरातून केव्हाच निघून गेलेला असतो.

अशा पदार्थाचा शोध लागला तरी कसा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या इतिहासातील निर्णायक प्रसंग पाहिले असता बहुतेक ठिकाणी परिणाम आधी दिसला आणि पदार्थ नंतर सापडला, असे आढळते. तो परिणाम प्रथम ज्यांना दिसला ते पुष्कळदा शास्त्रज्ञ नव्हते. आणि कित्येकदा अंतिम पुरावा रसायनशास्त्रज्ञाच्या उपकरणाइतकाच रुग्णालयाच्या जुन्या कागदांनी आणि माणसांच्या आठवणींनी, म्हणजे इतिहासकाराच्या परिचयाच्या साधनांनी, पुरवला.

प्रयोगशाळेतील उंदीर आणि कृत्रिम संप्रेरक

अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ‘हार्मोन’ हा शब्द १९०५ मध्ये रूढ केला. परंतु संप्रेरक रक्तात मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. १९२३ मध्ये एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी या अमेरिकन संशोधकांनी एक वळसा शोधून काढला. अंडाशय काढून टाकलेल्या उंदरिणीला एखादा अर्क टोचला आणि तिच्या योनिमार्गातील पेशी माजाच्या काळातल्यासारख्या बदलल्या, तर त्या अर्कात स्त्रीसंप्रेरक आहे असे समजावे, अशी ही पद्धत होती. पदार्थ कोणता हे ठाऊक नसतानाही तो काय करतो हे या चाचणीने कळत होते. या क्षेत्रातील शोधपद्धतीचे बीज येथेच आहे, असे म्हणता येईल.

लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाशी संलग्न असलेल्या कोर्टोल्ड संस्थेत चार्ल्स डॉड्स यांनी १९३० च्या दशकात याच प्रकारच्या चाचण्यांच्या आधारे स्वस्त कृत्रिम इस्ट्रोजेनचा शोध चालवला होता. १९३६ मध्ये डॉड्स आणि लॉसन यांनी ज्या पदार्थांची इस्ट्रोजेनसदृश क्रिया ‘नेचर’ नियतकालिकात नोंदवली, त्यांत बिस्फेनॉल-ए हे संयुग होते. रशियन रसायनशास्त्रज्ञ दियानिन यांनी ते १८९१ मध्येच तयार केले होते. त्याची क्रिया दुबळी असल्याने औषध म्हणून ते मागे पडले. १९५० च्या दशकात पॉलीकार्बोनेट प्लॅस्टिक आणि इपॉक्सी राळ यांच्या निर्मितीसाठी तेच संयुग पुन्हा हाती घेण्यात आले, तेव्हा १९३६ ची नोंद कोणाला अडचणीची वाटली नाही. एकाच पदार्थाची औषधशास्त्रातील ओळख आणि उद्योगातील ओळख या दोन गोष्टी पुढची कित्येक दशके एकमेकींना भेटल्याच नाहीत.

डॉड्स यांना हवे होते ते १९३८ मध्ये मिळाले. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे त्या संयुगाचे नाव. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ‘डीईएस’ या नावाने ओळखले जाते. ते तोंडावाटे घेता येत होते, नैसर्गिक संप्रेरकाइतके प्रभावी होते आणि तयार करण्यास अतिशय स्वस्त होते. संशोधनाला सार्वजनिक निधी मिळालेला असल्याने त्याचे पेटंट घेण्यात आले नाही. परिणामी अनेक कंपन्यांना ते बनवण्याची मुभा मिळाली. ज्ञान सर्वांसाठी खुले ठेवण्याच्या उदार धोरणातून एका औषधाचा इतका बेसुमार प्रसार व्हावा, हा या इतिहासातील एक खिन्न करणारा योगायोग होय.

धोक्याच्या खुणा नव्हत्या असे नाही. फ्रेंच संशोधक लाकासान्य यांनी १९३८ मध्येच या संयुगामुळे उंदरांत स्तनाच्या गाठी होत असल्याचे नोंदवले. १९३९ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी गाभण उंदरिणींना इस्ट्रोजेन दिले असता पिल्लांच्या जननेंद्रियांची घडण बिघडते, असे दाखवले. तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९४१ मध्ये रजोनिवृत्तीच्या त्रासावर आणि १९४७ मध्ये गर्भपात टाळण्यासाठी डीईएसला मान्यता दिली.

आईची आठवण

गर्भपात टाळण्यासाठी डीईएस द्यावे या कल्पनेचे प्रमुख पुरस्कर्ते हार्वर्डचे जॉर्ज आणि ऑलिव्ह स्मिथ हे दांपत्य होते. गर्भ टिकवणारी संप्रेरके कमी पडतात म्हणून गर्भपात होतो आणि डीईएसने ती वाढतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात औषध न दिलेल्या स्त्रियांचा समांतर गट नव्हता. शिकागो विद्यापीठाच्या विल्यम डीकमन यांनी तो गट घेऊन १६०० हून अधिक गर्भवतींवर प्रयोग केला. सुमारे निम्म्या स्त्रियांना डीईएस आणि निम्म्या स्त्रियांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. आपण प्रयोगाचा भाग आहोत, हे त्या स्त्रियांना सांगण्यात आले नव्हते. १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषधाचा काहीही उपयोग होत नाही.

उपयोग नसलेले औषध त्यानंतरही १८ वर्षे गर्भवतींना लिहून दिले जात राहिले. विशेष म्हणजे डीकमन यांच्याच आकडेवारीचे १९७८ मध्ये फेरविश्लेषण झाले, तेव्हा डीईएस घेतलेल्या स्त्रियांमध्ये गर्भपात, अकाली प्रसूती आणि नवजातांचे मृत्यू यांचे प्रमाण उलट अधिक असल्याचे दिसून आले. १९५३ मध्ये प्रश्न फक्त ‘फायदा होतो का’ एवढाच विचारला गेला होता. ‘अपाय होतो का’ या प्रश्नाचे उत्तर त्याच कागदांत पंचवीस वर्षे न वाचता पडून होते.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात योनिमार्गाच्या एका विशिष्ट कर्करोगाच्या तरुण रुग्ण मुली येऊ लागल्या. योनिमार्गाचा कर्करोग मुळातच विरळा आणि तो सहसा पन्नाशीपुढील स्त्रियांत आढळणारा. येथे मात्र रुग्ण पंधरा ते बावीस वर्षांच्या मुली होत्या. डॉ. आर्थर हर्बस्ट आणि डॉ. हॉवर्ड उलफेल्डर यांना त्याचे कारण उमगेना. त्या वेळी एका मुलीच्या आईने, आपण गरोदरपणी डीईएस घेतले होते, त्याचा तर याच्याशी संबंध नसेल, असा प्रश्न उलफेल्डर यांना विचारला. डॉक्टरांना तो प्रथम फारसा संभवनीय वाटला नाही; परंतु पुढच्या रुग्णांच्या मातांना त्यांनी तोच प्रश्न विचारण्यास सुरुवात केली.

हर्बस्ट, उलफेल्डर आणि साथरोगतज्ज्ञ पॉस्कांझर यांचा निबंध एप्रिल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ रुग्ण मुली आणि प्रत्येकीमागे त्याच रुग्णालयात त्याच सुमारास जन्मलेल्या चार निरोगी मुली, अशी एकूण ३२ जणींची तुलना त्यात होती. आठांपैकी सात मुलींच्या मातांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. ३२ निरोगी मुलींपैकी एकीच्याही आईने ते घेतलेले नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अन्न व औषध प्रशासनाने गर्भवतींना डीईएस देऊ नये असे कळवले.

या पुराव्याचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्या मुलींच्या शरीरात डीईएसचा कणही शिल्लक नव्हता. मार्श यांच्या परंपरेतील रसायनशास्त्रज्ञाला तेथे काहीच सापडले नसते. जे सापडले ते वीस वर्षांपूर्वीच्या प्रसूतीच्या नोंदींत आणि मातांच्या स्मरणात. शिवाय हा शोध लागण्यात रोगाच्या दुर्मीळपणाचा मोठा वाटा होता. गर्भावस्थेत डीईएसचा संपर्क आलेल्या साधारण हजार मुलींमागे एकीला हा कर्करोग होतो. हेच प्रमाण एखाद्या नेहमीच्या रोगाचे असते, तर ते कोणाच्या ध्यानातही आले नसते. वंध्यत्व, गर्भाशयाची सदोष घडण, गर्भनलिकेत गर्भ राहणे, अकाली प्रसूती ही डीईएस-कन्यांमध्ये कितीतरी अधिक प्रमाणात आढळणारी लक्षणे एरवीही समाजात दिसतात. म्हणूनच ती डीईएसशी जोडली जाण्यास आणखी वेळ लागला. मुलग्यांमध्येही जननेंद्रियांतील काही दोष आढळले. एकट्या अमेरिकेत माता आणि अपत्ये मिळून ५० लाख ते १ कोटी व्यक्तींचा या औषधाशी संपर्क आला, असा अंदाज आहे.

शेत, पक्षी आणि कारखाने

औषधाबाहेरच्या जगातही संकेत मिळत होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. त्याचे वर्णन १९४६ मध्ये बेनेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आणि पुढे त्या गवतातच इस्ट्रोजेनसदृश द्रव्य असल्याचे निष्पन्न झाले. १९५० मध्ये डीडीटी टोचलेल्या कोंबड्यांचे वृषण आणि तुरे खुरटे राहिल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र डीडीटीच्या शोधासाठी पॉल म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ चे. ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होत असल्याचे डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना संग्रहालयांतील आणि हौशी संग्राहकांकडील जुनी अंडी कामी आली. डीडीटीपासून शरीरात तयार होणारे डीडीई हे पुरुषसंप्रेरकाची वाट अडवते, हे कळायला मात्र १९९५ उजाडावे लागले.

१९७७ मधील कॅलिफोर्नियातील घटना काटेकोर अर्थाने संप्रेरकाची नाही, कारण तेथील डीबीसीपी हे कृमिनाशक थेट वृषणावरच आघात करते. परंतु शोधाच्या पद्धतीच्या दृष्टीने ती येथे प्रस्तुत ठरते. आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही, हे त्या कारखान्यातील कामगारांनी आपसातील गप्पांतून ताडले आणि स्वतःहून तपासणीची मागणी केली. या द्रव्याने प्राण्यांचे वृषण आक्रसतात, हे १९६१ मध्येच छापून आले होते.

परीक्षानळीचा दोष

१९८७ च्या अखेरीस बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या प्रयोगशाळेत एक विचित्र प्रकार घडला. स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या पेशी इस्ट्रोजेन मिळाल्यावरच झपाट्याने वाढतात, त्या इस्ट्रोजेन दिलेले नसतानाही वाढू लागल्या. अशा वेळी प्रयोग फसला असे समजून तो टाकून देण्याचीच रीत असते. या दोघांनी मात्र एकेक वस्तू बदलून पाहिली आणि अखेर संशय द्रव साठवण्याच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांवर येऊन थांबला. नळीच्या प्लॅस्टिकमध्ये काय मिसळले आहे, हे व्यापारी गुपित असल्याचे सांगून उत्पादक कंपनीने माहिती देण्यास नकार दिला. मग त्यांनी स्वतःच तो पदार्थ वेगळा करून ओळखला. पी-नॉनिलफेनॉल असे त्याचे नाव. हे संशोधन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पेशींच्या वाढीवरून इस्ट्रोजेनसदृश क्रिया ओळखण्याची पद्धतशीर चाचणी त्यातून विकसित झाली. ज्या पेशी रोगाच्या अभ्यासासाठी पाळल्या होत्या त्याच शोधयंत्र ठरल्या.

स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड फेल्डमन यांच्या गटाला असाच अनुभव आला. यीस्टमध्ये इस्ट्रोजेन सापडले असा त्यांचा प्रथम समज झाला होता. ते प्रत्यक्षात वाफेने निर्जंतुक केलेल्या पॉलीकार्बोनेटच्या चंबूंतून पाझरलेले बिस्फेनॉल-ए होते. हा निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्पादकांची तपासणी अब्जामागे दहा भागांच्या खाली काही ओळखू शकत नव्हती आणि पेशी मात्र दोन ते पाच भागांनाच प्रतिसाद देत होत्या. ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ उपकरणाच्या कुवतीइतकाच असतो, हे येथे जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच कोठे झाले असेल. १९९८ मध्ये क्लीव्हलँड येथे पॅट्रिशिया हंट यांच्या उंदरांचे पिंजरे चुकून तीव्र द्रावणाने धुतले गेले. पिंजऱ्यांचे पॉलीकार्बोनेट झिजले आणि गुणसूत्रांच्या विभागणीत दोष असलेल्या अंडपेशींचे प्रमाण शेकडा एक-दोनवरून ४० पर्यंत गेले. हा दोष बिस्फेनॉल-एमुळेच होता, हे निरनिराळ्या मात्रा देऊन पडताळल्यानंतर २००३ मध्ये त्यांनी ते जाहीर केले.

डॉड्स यांच्या १९३६ च्या नोंदीला अशा रीतीने साठ-पासष्ट वर्षांनी उद्योगाच्या जगात वाचक मिळाले, तेही अपघाताने.

नदीतील मासे

पदार्थ ठाऊक नसताना परिणामाचा माग काढत त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे सर्वांत शिस्तबद्ध उदाहरण इंग्लंडमधील नद्यांचे आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांजवळच्या पाण्यात नर-मादी दोन्ही लक्षणे असलेले मासे आढळत होते. ब्रुनेल विद्यापीठाचे जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर ट्राउट मासे पिंजऱ्यांत घालून केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ठेवले. अंड्यातील बलक ज्यापासून बनतो ते व्हायटेलोजेनिन हे प्रथिन मादीच्या यकृतात इस्ट्रोजेनच्या आज्ञेवरून तयार होते. नराकडेही त्याचे जनुक असते, पण आज्ञेअभावी ते निद्रिस्त राहते. काही आठवड्यांतच या नरांच्या रक्तातील व्हायटेलोजेनिन हजारो पटींनी वाढले. १९९४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा पाण्यात नेमके काय आहे, हे कोणालाच माहीत नव्हते.

पुढची पायरी १९९८ च्या निबंधात आली. केंद्रांचे पाणी टप्प्याटप्प्याने घटकांत विभागायचे, प्रत्येक भागाची मानवी इस्ट्रोजेन-ग्राही बसवलेल्या यीस्टवर चाचणी घ्यायची, जो भाग सक्रिय आढळेल तो पुन्हा विभागायचा आणि शेवटी उरलेल्या भागाचेच रासायनिक विश्लेषण करायचे, अशी ती पद्धत होती. संशय औद्योगिक रसायनांवर होता. सापडली ती मुख्यतः मानवी मूत्रातून आलेली नैसर्गिक संप्रेरके आणि गर्भनिरोधक गोळीतील इथिनिल इस्ट्राडिओल. या कृत्रिम संप्रेरकाचे प्रमाण लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम इतके अल्प होते. यॉर्कशायरमधील एअर नदीत मात्र लोकर धुण्याच्या उद्योगातून येणारे नॉनिलफेनॉल कारणीभूत होते. एकाच लक्षणाला दोन ठिकाणी दोन कारणे असू शकतात, याचा हा उत्तम नमुना होय. आधी आरोपी ठरवून मग पुरावा शोधणाऱ्यांच्या हाती यातले एकच कारण लागले असते.

नावाचा जन्म आणि वाद

हे सर्व तुटक धागे एकत्र आणण्याचे श्रेय थिओ कोलबॉर्न यांना जाते. औषधविक्रेत्या म्हणून बरीच वर्षे काम केल्यानंतर वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील महासरोवरांच्या परिसरातील वन्यजीवांविषयीचे शेकडो निबंध त्यांनी कर्करोगाचा शोध घेण्याच्या हेतूने वाचले. प्रौढ प्राणी बरे दिसतात आणि त्यांची पिल्ले मात्र जगत नाहीत किंवा त्यांची घडण बिघडते, असा आकृतिबंध त्यातून पुढे आला. जुलै १९९१ मध्ये विस्कॉन्सिनमधील विंगस्प्रेड येथे त्यांनी निरनिराळ्या शाखांच्या २१ तज्ज्ञांना एकत्र आणले. अंतःस्रावी व्यत्यय ही संज्ञा तेथे जन्माला आली. १९९६ मध्ये त्यांचे ‘अवर स्टोलन फ्यूचर’ हे सहलेखकांसह लिहिलेले पुस्तक आले आणि त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कीटकनाशकांची या दृष्टीने तपासणी करण्याचे बंधन पर्यावरण संरक्षण संस्थेवर घातले. त्या तपासणीचे पहिले आदेश निघाले २००९ मध्ये.

या क्षेत्रात घाईही झाली, हे नमूद करणे आवश्यक आहे. दुबळी कीटकनाशके एकत्र आली की त्यांची इस्ट्रोजेनसदृश क्रिया शेकडो पटींनी वाढते, असा टुलेन विद्यापीठातील संशोधकांचा १९९६ चा बहुचर्चित निबंध इतरांना पडताळता आला नाही आणि १९९७ मध्ये तो मागे घेण्यात आला. पुरुषांच्या शुक्राणूंचे सरासरी प्रमाण मिलिलिटरमागे ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आल्याचे डेन्मार्कच्या संशोधकांनी १९९२ मध्ये ६१ अभ्यासांच्या आधारे मांडले. त्यावर मोजणीच्या पद्धतींविषयी रास्त आक्षेप घेतले गेले. १९७३ ते २०११ या काळातील १८५ अभ्यासांचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले संकलन पाश्चात्त्य देशांत निम्म्याहून अधिक घट दाखवते. तथापि घट असणे आणि ती याच रसायनांमुळे असणे ही दोन भिन्न विधाने आहेत. त्यांची गल्लत वृत्तपत्रांत नेहमी होते, कधी कधी निबंधांतही.

गोव्यातील गोगलगाय, पड्रेतील मुले

भारतातील नोंदी संख्येने थोड्या असल्या तरी त्याच आकृतिबंधाच्या आहेत. जहाजांच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगातील ट्रायब्युटिल टिनमुळे सागरी गोगलगायींच्या माद्यांवर नराचे जननेंद्रिय उगवते. युरोपातील किनाऱ्यांवर हे १९७० च्या सुमारास लक्षात आले होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९९ मध्ये भारतीय सागरजलातील अशीच नोंद प्रसिद्ध केली. ज्या प्रजातीत ती आढळली तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. या रंगांवरील आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये अमलात आली.

माणसांबाबतची सर्वाधिक चर्चिली गेलेली नोंद केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील आहे. तेथील सरकारी मालकीच्या महामंडळाच्या काजूच्या मळ्यांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फानची फवारणी होत असे. कोकणातील बागायतदार ज्याला ढेकण्या म्हणतात त्याच किडीवरचा हा उपाय होता. मळे डोंगरमाथ्यावर, वस्ती उतारावर आणि पिण्याचे पाणी त्या उतारावरच्या झऱ्यांचे, अशी तेथील रचना आहे. वासरांत व्यंगे दिसत असल्याचे पड्रे येथील एका शेतकरी-पत्रकाराने लिहिले. गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना थोड्याच घरांत मनोविकार, अपस्मार, जन्मजात व्यंगे आणि कर्करोग यांची गर्दी दिसू लागली व त्यांनी ती घरनिहाय नोंदवली. कृषी खात्यातील एका महिला कर्मचाऱ्याने फवारणीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

त्यानंतर जे घडले ते मार्श-पद्धतीच्या मर्यादेचे उदाहरण मानता येईल. २००१ मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राच्या प्रयोगशाळेला तेथील पाणी, माती आणि रक्त यांत एन्डोसल्फानचे मोठे प्रमाण आढळले, तर दुसऱ्या एका संस्थेने घेतलेल्या नमुन्यांत ते जवळजवळ नव्हतेच. नमुना केव्हा घेतला, कोठून घेतला, यावरच वाद अडकून पडला आणि आजारी माणसे बाजूला राहिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हे प्रकरण हाती घेतल्यानंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने प्रश्नच बदलला. पड्रे येथील १० ते १९ वयोगटातील ११७ शाळकरी मुलगे आणि फवारणी न झालेल्या गावातील ९० मुलगे यांची तुलना करण्यात आली. त्यांच्या रक्तातील एन्डोसल्फान तर मोजले गेलेच, शिवाय वयात येण्याच्या खुणा आणि संप्रेरकांची पातळीही तपासली गेली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पड्रेतील मुलांच्या रक्तात एन्डोसल्फान लक्षणीयरीत्या अधिक होते, त्यांचे वयात येणे लांबले होते आणि वयाच्या मानाने टेस्टोस्टेरॉन कमी असूनही त्याला चालना देणारे संप्रेरक वाढलेले होते. पिट्युटरी ग्रंथी आदेश देते आहे आणि वृषण तो पुरेसा पाळत नाही, असा याचा अर्थ.

या अभ्यासावर उद्योगक्षेत्राशी संबंधित तज्ज्ञांनी आक्षेप घेतले. मुलांची संख्या मर्यादित होती, हे खरेच आहे. पड्रेतील प्रत्येक व्यंग एन्डोसल्फानमुळेच आले, असे तो अभ्यास सिद्ध करत नाही आणि तसा त्याचा दावाही नव्हता. पण वासरांच्या व्यंगांपासून दवाखान्यातील नोंदींपर्यंत जे सांगितले जात होते, त्याची निदान एक बाजू तरी त्याने मोजता येण्याजोगी केली. स्टॉकहोम करारात २०११ मध्ये एन्डोसल्फानचा समावेश झाला आणि त्याच वर्षी १३ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याच्या उत्पादन व वापराला अंतरिम मनाई केली. पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश जानेवारी २०१७ चा.

मोजमापाची पुढची पायरी

दरम्यान रासायनिक मोजमापाची क्षमता झपाट्याने वाढली. अमेरिकेत २००३-०४ मध्ये घेतलेल्या सहा वर्षांपुढील २५१७ व्यक्तींच्या मूत्रनमुन्यांपैकी शेकडा ९३ नमुन्यांत बिस्फेनॉल-ए आढळले. पूर्वी जे सापडत नव्हते ते आता जवळजवळ सर्वांतच सापडू लागले आणि त्यामुळे एक नवीच अडचण उभी राहिली. तुलनेसाठी संपर्क न आलेला गट मिळेनासा झाला. बोस्टनच्या १९७१ च्या अभ्यासाचे सारे बळ त्या ३२ निरोगी मुलींवर उभे होते, हे येथे आठवावे. परिणामांच्या चाचण्यांचेही प्रमाणीकरण झाले. उंदरिणीच्या गर्भाशयाच्या वजनावरून इस्ट्रोजेनसदृश क्रिया ओळखण्याची चाचणी २००७ मध्ये आर्थिक सहकार व विकास संघटनेने अधिकृत केली. ॲलन आणि डॉइझी यांच्या १९२३ च्या प्रयोगाचेच ते सुधारलेले रूप आहे. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत नवजात नर उंदरांना बिस्फेनॉल-ए दिले असता त्यांची प्रजननक्षमता घटते, असे २००९ मध्ये दाखवण्यात आले.

बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतून हे द्रव्य युरोपीय संघाने २०११ मध्ये, अमेरिकेने २०१२ मध्ये आणि भारतीय मानक ब्यूरोने २०१५ च्या मानकाद्वारे हद्दपार केले. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याची दैनंदिन सुसह्य मात्रा २०२३ मध्ये शरीराच्या वजनाच्या प्रतिकिलो ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी खाली आणली. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंत त्याचा वापर करण्यास बंदी घातली. दुकानांतील पावत्यांच्या उष्णतासंवेदी कागदातून तर युरोपात ते २०२० मध्येच गेले होते. त्याच्या जागी अनेक ठिकाणी बिस्फेनॉल-एस हे त्याच कुळातील संयुग आले आणि पेशींवरील चाचण्यांत त्याची इस्ट्रोजेनसदृश क्रिया बिस्फेनॉल-एच्या जवळपास तेवढीच भरली.